उभ्या माणसाचा फोटो

माझ्या आजोबांचे दोन्ही पाय मी कापले. कमरेच्या पट्ट्याखालून, सरळ रेषेत, आणि कापणाऱ्याला वर शाबासकीही दिली.

पाय फोटोतले होते. पण म्हणून गुन्हा लहान होत नाही, हे मला मास्तरांनी नंतर समजावून दिलं.

झालं असं, की माझी आत्या सांगोल्याकडच्या आमच्या गावाहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला माझ्याकडे आली. एसटीत तिनं कपड्यांची पिशवी पायाशी टाकली होती आणि मांडीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली एक चौकट धरली होती. चौकटीत तिचा बाप, म्हणजे माझे आजोबा. आमचं घराणं मेंढपाळांचं. त्यातला हा एकच माणूस दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेला आणि परत आला नाही. तो गेला तेव्हा माझे वडील चार वर्षांचे होते आणि आत्या पोटात. तिनं बाप पाहिला तो ह्या फोटोतच, आणि गेली काही वर्षं तोही मोतीबिंदूच्या धुक्यातून.

"डोळ्यावरची पट्टी सुटली की पयला त्येलाच बगीन," ती म्हणाली. "तवर काच तेवडी पुसून ठिव. आन तुजा त्यो टेलर हाय न्हवं, पलटनीचं फोटू वळखनारा, त्येला दाव."

काच पुसायची आणि फोटो दाखवायचा, एवढीच कामं होती. मी पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. सांगितलेल्यापेक्षा जास्त काही करायचं नाही, हा आमच्या खात्याचा धर्म, आणि तो मी निष्ठेनं पाळला. निरोप समारंभात साहेब म्हणालेही होते, की ह्यांच्या टेबलावरून एकही कागद कधी हरवला नाही. पण निवृत्त झालं की माणसाला उत्साह येतो. त्यात आत्याची साखर वाढलेली निघाली आणि ऑपरेशन आठ दिवस पुढं गेलं. आठ दिवस मोकळा वेळ आणि हाताशी आजोबा.

मी फोटो एका कॉम्प्युटरवाल्याकडे नेला. तो म्हणाला, "काका, खालचा भाग फिकट पडलाय. हाफ घेऊ. हाफ उठून दिसतोय." म्हटलं, घ्या. रंग भरू का? भरा. मागं काय टाकू? आता मेंढपाळाच्या मागं काय शोभेल, असा विचार करून मी म्हटलं, डोंगर टाका. त्यानं बर्फाचे डोंगर टाकले. टोपी जरा तिरकी होती ती सरळ करून घेतली. मग शेजारच्या फ्रेमवाल्याकडून सोनेरी चौकट केली. "जुनं काय करू?" त्यानं विचारलं. "राहू दे तुमच्याकडंच," मी म्हटलं.

पट्टी सुटली त्या दिवशी मी ती सोनेरी चौकट आत्यासमोर धरली आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. तिनं काळा चष्मा नाकावर खाली ओढून बराच वेळ बघितलं.

"ह्यो कोन?"

"अगं आत्या, तुझे वडील."

"मग पाय कुटं हायती?"

"फिकट होते गं खाली."

"माजं बी फिकाट झाल्यात. कापतोस?" मग तिनं चौकट उलटी केली, आणि नवा कोरा पुठ्ठा बघून तिचा आवाज एकदम खाली आला. "मागं आयनं कापाड शिवलं हुतं. आयच्या हातचं. ते कुटंय?"

 ती तोंड भिंतीकडं करून निजून राहिली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आजोबा गेले म्हणजे कसे गेले, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. गावानं मात्र ठरवून टाकलं होतं, की तो पळाला, तिकडं दुसरं घर केलं असणार. आत्या 'पळपुट्याची पोर' म्हणून वाढली. भांडणात, लग्नकार्यात, पाण्याच्या आडावर, कुठंही. माझी आजी मात्र मरेपर्यंत कपाळभर कुंकू लावत होती. कुणी काही म्हटलं की एकच वाक्य, "माजा धनी यायचा हाय." ती गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवलं, तेव्हाही बायका पदराआड हसल्याच. आणि आता ऐंशी पार केलेल्या आत्याला एवढंच हवं होतं, की बाप मेला का पळाला, हे आपण मरायच्या आत कळावं. त्या फोटोशिवाय दुसरा पुरावा नव्हता, आणि तो मी फ्रेमवाल्याला देऊन टाकला होता.

मास्तर साखर पेठेत बसायचे. सोलापुरात कपडे शिवणाऱ्यालाही मास्तरच म्हणतात. विणकरांच्या घरातले, घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीनशी जे काय पुटपुटायचे ते मशीनलाच ठाऊक. ते शिवायचे फक्त गणवेश. पोलिसांचे, बँडवाल्यांचे, शाळेतल्या शिपायांचे, रखवालदारांचे. लग्नाचा सूट शिवा म्हटलं तर म्हणायचे, "नाही ओ. त्याच्यावर ना पट्टी ना बिल्ला. हरवला तर कुणाचा ते कसं कळणार?"

माझी त्यांची ओळख मी कॉलेजात एनसीसीच्या परेडला होतो तेव्हाची. बेलबॉटमचे दिवस होते. मी परेडची पँट शिवायला टाकली आणि हळूच म्हटलं, "मास्तर, खाली घेर जरा मोठा ठेवा." मास्तरांनी टेप गळ्यातून काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच शिवा. अशी पँट बघून शत्रू हसत मरंल, पण त्याच्या आधी तुम्ही घेरात पाय अडकून पडणार." तेव्हापासून ते मला 'कॅडेट' म्हणायचे. मी निवृत्त झालो, टक्कल पडलं, नात झाली, तरी त्यांच्या दुकानात मी कॅडेटच.

जुने फोटो वाचायचा नाद त्यांना कसा लागला, कोण जाणे. कुणीतरी वडिलांच्या फोटोतल्यासारखा कोट शिवायला आला आणि मास्तरांनी त्याला त्याच्या वडिलांची पलटण सांगितली, असं म्हणतात. मग बार्शीहून, अक्कलकोटहून, उजनीच्या काठच्या गावांतून लोक पिशवीत फोटो घालून यायला लागले. मास्तर आधी फोटोची पाठ बघायचे. मग पाय. मग वर सरकत बटणं, तीही तेलुगूत मोजत, ओकटी, रेंडु, मूडु. चेहऱ्यावर तोवर खाकी कापडाचा तुकडा टाकलेला असायचा. तो शेवटी काढायचे. "तोंडाला काय बघायचंय? स्टुडिओत गेल्यावर सगळेच शूर दिसतात. शिलाई खोटं बोलत नाही." मोबाईलवरचा फोटो कुणी पुढं केला तर हात मागं घ्यायचे. म्हणायचे, "ह्याला पाठ नाही."

आणि त्यांचा एक कायदा होता. फोटोतला माणूस उभा असेल तर मास्तर उभं राहून फोटो बघायचे. बसलेला असेल तर बसून. त्यात सूट नव्हती. एकदा एकानं अख्ख्या तुकडीचा फोटो आणला. पुढची रांग जमिनीवर मांडी घालून, मधली खुर्चीवर, मागची उभी. मास्तरांनी तो तीन टप्प्यांत बघितला. आधी खाली बसून, मग स्टुलावर, मग उभं राहून. मला हसू आलं. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं एकदा बघितलं, आणि मी खिशात काहीतरी शोधायला लागलो.

एकदा एक बडी असामी आली. त्यांना समाजाच्या स्मरणिकेत आजोबांचा फोटो छापायचा होता, 'कॅप्टन' अशा मथळ्याखाली. मास्तरांनी उभं राहून फोटो बघितला आणि म्हणाले, "कोट स्टुडिओतला आहे. बाही तीन बोटं आखूड. पाठीमागं टाचण्या लावून ताणलाय, बटणं बघा कशी ओढल्यात. ह्या कोटात अर्ध्या शहरानं फोटो काढून घेतला असणार." ते गृहस्थ लालबुंद झाले. म्हणाले, "म्हणजे माझे आजोबा खोटे?" मास्तरांनी फोटो कापडात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "कोट खोटा आहे साहेब. आजोबा खरेच आहेत. पायात बूट नाहीत, बघा. लोकाचा कोट घालताना बूट नव्हते, ते लपवले नाहीत त्यांनी. हे छापा." ते छापलं नाही, हे सांगायला नकोच.

पण दुसराही एक दिवस मी पाहिला आहे. सरहद्दीवर गेलेल्या भावाचा फोटो घेऊन एक बाई आली होती. तिला काहीच विचारायचं नव्हतं. पलटण, हुद्दा, सगळं तिला माहीत होतं. "नुसता बघा," ती म्हणाली. मास्तर कैची खाली ठेवून उभे राहिले. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली, तरी ते हलले नाहीत. ती बाई निघाली तेव्हा एवढंच म्हणाले, "कॉलरची शिलाई उत्तम आहे, अम्मा. नीट कपड्यात होता तो."

ते स्वतः कधी फौजेत नव्हते. त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं, चीनच्या लढाईच्या वेळी भरतीला गेले होते. तळवे सपाट निघाले म्हणून परत पाठवलं. मास्तरांनी ही गोष्ट माझ्याकडं कधी काढली नाही. ते फोटोत आधी पाय का बघतात, हे मीही मग कधी विचारलं नाही.

तर अशा माणसाकडं मी ती सोनेरी चौकट घेऊन गेलो. डोक्यात हिशोब असा, की फोटो आता जास्त स्वच्छ आहे, मास्तर एका नजरेत पलटण सांगतील, आणि आत्याचा राग उतरेल.

मास्तरांनी चौकट उलटी केली. कोरा पुठ्ठा. सुलटी केली, चेहऱ्यावर कापड टाकलं आणि खाली बघितलं. खाली सोनेरी पट्टी.

"पाय?"

"कापले, मास्तर."

"का?"

"हाफ उठून दिसतो म्हणाला."

मास्तर अर्धवट स्टुलावरून उठलेले तसेच राहिले. "हे उभे आहेत का बसलेत?"

मला आठवेना. लहानपणापासून पाहिलेला फोटो, आणि मला आठवेना.

"मग मी काय करू, सांगा. बसू का उभा राहू?" त्यांनी विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. खरंच अडचण झाली होती त्यांची. मग त्यांनी मशीनवर कापड टाकलं, पिशवी घेतली आणि म्हणाले, "चला कॅडेट. आधी पाय आणू."

फ्रेमवाला बरा माणूस होता. त्याला सगळं आठवत होतं, हेच वाईट झालं. "जुना फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता ओ. मागं कापडबिपड शिवलेलं, मऊ. असला माल आता कुठं मिळतोय? दुसऱ्या एका चौकटीत मागं पोकळी राहत होती, त्यात घातला. चपखल बसला."

"कोणाच्या चौकटीत?" मी विचारलं.

"कुंभारीची पार्टी. त्यांची आई वारली. दहाव्याला फोटो पाहिजे म्हणून घाई होती."

म्हणजे माझे आजोबा कुंभारीत एका अनोळखी बाईच्या फोटोमागं भिंतीवर लटकत होते, आणि तिच्या नावानं लावलेल्या उदबत्तीचा वास घेत होते. मला वाटलं, आता मास्तर तरी म्हणतील, जाऊ द्या. मास्तर म्हणाले, "तुमची स्कूटर आहे ना?"

कुंभारीला कामगारांच्या घरांची जी लांबलचक वसाहत आहे, तिथं विचारत विचारत आम्ही पोचलो. दोन खोल्यांचं घर. बाहेर चपला. आत समोरच फोटो, ताजा हार, खाली समई. बाई खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर. तिचा मुलगा आणि सून विड्यांची सुपं बाजूला सारून आमच्याकडं बघत राहिले. त्यांना वाटलं, भेटायला आलेत.

वाटेत मी वाक्य जुळवून ठेवलं होतं: "आपल्या मातोश्रींच्या मागे माझे आजोबा आहेत." तोंडातून बाहेर पडल्यावर ते किती भयंकर वाटतं, हे मला तिथं कळलं. मुलगा उभा राहिला. सून म्हणाली, "काय बोलतात ओ हे?"

मास्तरांनी मला हातानं मागं सारलं आणि फोटोसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. बाई बसलेली होती ना, म्हणून. बराच वेळ बघत राहिले. मग तेलुगूत काहीतरी विचारलं.  सूनही तेलुगूत बोलायला लागली, आणि बोलता बोलता पदरानं डोळे पुसायला लागली. मला नंतर कळलं, मास्तरांनी विचारलं होतं, "हा ब्लाऊज अम्मांनी स्वतः हातानं शिवलाय का? बाहीला दुहेरी टाका आहे." तिनंच शिवला होता. दिवसभर विड्या वळून रात्री सगळ्या आळीचे शिवून द्यायची. दहा दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या कुणी हे विचारलं नव्हतं.

मग मास्तरांनी माझी कर्मकथा सांगितली. सोलापुरी तेलुगूत माझा उल्लेख कसा झाला, हे मला कळलं नाही. पण मुलगा माझ्याकडं बघून पहिल्यांदाच हसला. "आईलाही शिलाई उसवून दुसऱ्याचं नीट करून द्यायची सवय होती," तो मराठीत म्हणाला. त्यानं आईला नमस्कार केला, हार उतरवला, आणि चौकट स्वतःच खाली काढली. मागचे खिळे सांडशीनं उपटले.

आजोबा उलटे होते, डोकं खाली. मुलानं पुठ्ठा फिरवून सरळ केला, आणि मास्तर मांडीवरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कष्टानं, पण थेट उभे राहिले. फोटोत आजोबा उभे होते, नखशिखांत. मास्तर उठलेले बघून तो मुलगाही उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"हा शिपाई असा का उभा आहे बघा," मास्तर म्हणाले. "सगळा भार एका पायावर. काठी नाही, तरी काठीवर टेकल्यागत. मेंढरामागं उभा राहणारा माणूस." मग बोट घोट्यावर आलं. त्या काळी शिपाई पायाला लांब पट्ट्या गुंडाळायचे. "पायदळाचा माणूस पट्टी घोट्यापासून वर गुंडाळतो, गाठ गुडघ्याखाली येते. ह्यांची गाठ घोट्याशी आहे. वरून खाली गुंडाळलीय. म्हणजे हा जनावरासोबत होता. घोडी नाहीतर खेचरं."

ती गाठ मी फिकट म्हणून कापून टाकली होती.

मग मास्तरांनी फोटो उलटा केला. मागं घोंगडीसारखं जाड कापड, चारी बाजूंनी काळ्या लोकरीच्या धाग्यानं शिवलेलं. त्यांनी बोटं फिरवली आणि थांबले. "आत कागद आहे. दोन घड्या." मी पुढं होऊन शिवण ओढायला गेलो, तर मनगटावर फटका बसला.

"बाईची शिलाई आहे ही. तुम्ही कोण उसवणार? लेक जिवंत आहे ना तिची?"

निघताना त्या चौकटीत पोकळी उरली. मास्तरांनी पिशवीतून खिसे बेतायचा आपला जुना पुठ्ठा काढला, कैचीनं बेतून त्या बाईच्या फोटोमागं घातला. चपखल बसला.

घरी आत्या पलंगावर काळा चष्मा लावून बसली होती. मास्तरांनी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं आधी पाय चाचपले, मग पाठीवरची लोकर.

"आक्का, ह्याच्या आत कागद आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर उसवतो. नाही म्हणालात तर असाच राहील."

आत्यानं लोकरीच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. "आय म्हनायची, वाळवी लागू ने म्हनून शिवलंय," ती म्हणाली. "उसवा."

मास्तरांनी दाढीच्या अर्ध्या पात्यानं एकेक टाका उसवला. धागा तोडला नाही. सगळा ओढून काढला आणि बोटाला गुंडाळून ठेवला. आतून पिवळा पडलेला कागद निघाला. इंग्रजीत छापलेला, रिकाम्या जागा टाइप करून भरलेल्या. तो वाचायचं काम माझ्याकडं आलं.

पलटणीच्या कचेरीतलं पत्र होतं. आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, तालुका. खेचरांची पलटण. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर नदीतून जनावरं पलीकडं नेत असताना पाण्यात वाहून जाऊन मृत्यू. देह मिळाला नाही. कळवण्यास खेद होतो.

आत्यानं विचारलं, "तारीक हाय?"

मी वाचली, आणि मनात मोजून सांगितलं, "तू तीन महिन्यांची होतीस."

"म्हंजी आयला ठावं हुतं," ती म्हणाली.

ठाऊक होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण कुणीतरी वाचून दाखवलं असणार. कोणी, ते आता कळायचं नाही. मी कारकुनी डोक्यानं म्हणालो, "पण मग लपवला कशाला? ह्या कागदावर तिला सरकारकडून काही मिळालं असतं. गावाचं तोंडही बंद झालं असतं."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "तुला काय कळनार. थोरला चुलता टपून बसला हुता तिचं दुसरं लगीन, पाट लावून द्यायला. रांडमुंड झाली म्हनल्यावर दुसऱ्या दिशी लावला आसता. धनी यायचा हाय म्हनल्यावर कोन लावतंय?" ती थांबली. "म्हून बापाला पळपुटा म्हनू दिलं तिनं. मलाबी ऐकू दिलं. जल्मभर. लई वंगाळ केलं." आणि मग, त्याच आवाजात, "तिच्या जागी मी आसते तर मीबी त्येच केलं आसतं."

 थोड्या वेळानं तिनं मास्तरांना विचारलं, "तितं जनावरंच हुती म्हनता त्येच्यासंगं?"

"व्हय आक्का. पायाची गाठ सांगतीय."

"मग बरं झालं. परक्यावानी वाटलं नसंल."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की मास्तर आल्यापासून उभेच आहेत. कुंभारीहून आलेले, वय झालेलं, गुडघे कापत होते. मी खुर्ची दोनदा पुढं केली होती. त्यांनी दोनदा मागं सारली होती.

"मास्तर, बसा की."

"ते उभे आहेत, आक्का."

आत्यानं फोटोकडं बघितलं, मग मास्तरांकडं. "मी लेक हाय त्येची. मी सांगते. बसा."

आणि मास्तर बसले. उभ्या माणसाच्या फोटोसमोर त्यांना बसलेलं मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

मास्तरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या मुलानं हार घालायला फोटो शोधला, तर मिळाला तो एकच. मशीनवर वाकून बसलेले, गळ्यात टेप. भेटायला गेलो तेव्हा घरात खुर्च्या होत्या. मी जमिनीवर बसलो. सूनबाईंनी विचारलं नाही, का म्हणून.

त्या संध्याकाळी मात्र निघताना ते आत्याला म्हणाले, "आक्का, पुन्हा शिवून देऊ? धागा आहे, तोच."

"नगं. आता ऱ्हाऊ द्या उगडं."

मास्तर निघून गेले. आत्या फोटो मांडीवर घेऊन बसून राहिली. सोनेरी चौकट मी कपाटामागं सरकवली. आता तरी आपल्याकडं बघून काही बरं बोलावं असं वाटत होतं, म्हणून मी म्हटलं, "आत्या, एका अर्थी मी घोळ घातला म्हणूनच कागद सापडला की नाही?"

तिनं चष्मा वर सारला.

"आयनं जल्मभर संबाळला. तुज्याकडं आठ दिस टिकला न्हाय."